हळद लागेपर्यंत

मखमलाबाद, नाशिक
१४ सप्टेंबर २०२५

साईदादा,

तुझा पत्ता गेणूने दिला. सरळ नाही दिला. त्याच्या गाडीपुढे आडवी उभी राहिले आणि म्हटलं, दे, नाहीतर कॉलेजच्या नावाखाली कुठे बसतोस ते तुझ्या घरी सांगते. मग दिला. नंबर मात्र देईना. म्हणाला, साईने शपथ घातलीये. तुम्ही मित्र म्हणजे एकेक नमुने आहात. नंबर मिळूनही उपयोग नव्हता म्हणा, माझा फोन सध्या पप्पांच्या कपाटात आहे. म्हणून कागद-पेन. आजवर मी पत्रं लिहिली ती फक्त परीक्षेत, मुख्याध्यापकांना रजेसाठी आणि नगरपालिकेला गटारासाठी. चुकलंमाकलं समजून घे.

तळेगावला पॉलिहाऊसमध्ये लागलास म्हणे. घरची फुलं सोडून लोकांची फुलं तोडायला एवढ्या लांब गेलास. असू दे. तुला टोमणे मारायला बसले नाही.

मोठी आई आजारी आहे. तुझी आई. आषाढापासून जेवण जात नव्हतं, आम्हाला वाटलं पित्त असेल. आता पोट फुगलंय आणि हात काड्यांसारखे झालेत. आबा तिला दोनदा दवाखान्यात घेऊन गेले. काय सांगितलं ते कोणी बोलत नाही. आबा म्हणजे तुला माहीतच, भिंतीशी बोलतील पण माणसाशी नाही. साईला कळवू नका, असं ती सगळ्यांना बजावते. म्हणते, तो चपलेचा मार खाऊन गेलाय, माझ्या दुखण्यापायी नको यायला, यायचं तर मनाने येऊ दे. म्हणून तिला न विचारता मी कळवतेय.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसणार. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तू फावडं उचललंस, पप्पांचा हात मोडला, आबांनी सगळ्यांदेखत तुला चपलेने मारलं आणि तू डोक्यात राख घालून निघून गेलास. इथवर तुला ठाऊक आहे. त्याच आठवड्यात पप्पा प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन बांधावर उभे राहिले आणि सख्ख्या मोठ्या भावाला, आबांना, म्हणाले, "आजपासून आपलं सुतक तुटलं. तुमच्यात कोणी मेलं तर आम्ही डोक्यावरून पाणी घ्यायचो नाय. आमच्यात मेलं तर तुम्ही येऊ नका."

आबा पाठ फिरवून गोठ्यात गेले. मोठी आई होती तिथेच मातीत बसली. भांडणं कुठे होत नाहीत? लोक बोलणं सोडतात, पाणी तोडतात, कोर्टात जातात. पण सुतक तोडणं म्हणजे आपलं रक्तच एक नाही म्हणणं. दोन वर्षं झाली, दोन्ही घरांची दारं समोरासमोर आणि कोणी कोणाकडे बघत नाही. मी तेवढी जाते. पप्पा शहरात माल घेऊन गेले की दुपारी बांध ओलांडते.

मी जाणार नाही तर कोण जाणार? मम्मी पहाटे फुलबाजारात निघायची तेव्हा मला झोपेतच उचलून तुमच्याकडे ठेवायची. मी मोठी होईपर्यंत मोठ्या आईच्याच कुशीत उठले. तू ओरडायचास, हिने माझी जागा घेतली म्हणून. आता ती जागा रिकामी आहे, ये आणि घे.

बाकी आमच्याकडे ठीक. परवा चार पाहुणे येऊन गेले. पोहे मीच केले होते, मीठ जास्त झालं.

दिपू

मखमलाबाद
५ ऑक्टोबर

साईदादा,

पत्र पोचलं का? पोचलंच असणार, आमच्या कॉलेजसमोरच्या पोस्टातल्या बाईंनी मला पावती दाखवून खात्री दिली. म्हणजे तू वाचलंस आणि बाजूला ठेवलंस. ठेव.

दसरा झाला. झेंडू चांगला निघाला, मम्मी आणि मी पंचवटीत रस्त्याच्या कडेला बसून विकला. तुमच्या वावरातला झेंडू तसाच उभा राहिला. आबा एकटे किती तोडणार? मोठी आई खाटेवरून बघत होती. मी संध्याकाळी अंधार पडताना जाऊन दारापुरतं तोरण करून दिलं तर म्हणाली, पोरी, फुलं झाडावर वाळली की अंगावर काटा येतो बघ.

तिला घरी पाठवलंय. डॉक्टर म्हणाले, आता सेवा करा. हे मी आबांकडून वदवून घेतलं, तेही ते गोठ्यात तोंड फिरवून उभे असताना. आता तरी तुला कळलं ना, काय ते? मला ते स्पष्ट लिहवत नाही.

मागच्या पत्रात मी एक लपवलं. ते पाहुणे मला बघायला आले होते. आता सुपारी फुटली. मुलगा शेखर, सटाण्याच्या पुढचं गाव, कांद्याचा व्यापार, दोन ट्रॅक्टर. दिसायला बरा. फार बोलला नाही, माझ्याकडे धड बघितलंही नाही, मोबाईलकडे बघत होता. वाईट असता तर मला नाही म्हणायला काहीतरी कारण मिळालं असतं. पप्पांना विचारलं, टी.वाय. तरी होऊ द्या. म्हणाले, सोयरे चांगले आहेत, तिकडे गेल्यावर शिकवा म्हणावं. मे महिन्यात लग्न, म्हणजे निदान या वर्षाची परीक्षा देता येईल.

फोन का काढून घेतला तेही सांगते. आमच्या बॅचमधल्या एका मुलाने प्रॅक्टिकलच्या नोट्स मागितल्या आणि शेवटी एक हसरं तोंड टाकलं. त्या हसऱ्या तोंडावरून घरात रामायण. तू फावडं उचललंस तेव्हापासून पप्पांना वाटतं की आपल्या घरातली पोरं हाताबाहेर जायलाच जन्माला येतात. तू गेलास आणि मी हाती सापडले.

गुरुवारी बांधावरून परत येताना पप्पांनी मला पकडलं. हातात मोठ्या आईच्या पेजेचं रिकामं भांडं होतं. मला वाटलं मारतील. मारलं नाही. एवढंच म्हणाले की परत तिकडे गेलीस तर कॉलेज बंद. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

तू ये रे. तिच्या हाताला धरून बसायला तू पाहिजेस. मी दिवसातून जेमतेम अर्धा तास चोरून जाते आणि सगळा वेळ कान रस्त्याकडे.

दिपू

मखमलाबाद
२७ ऑक्टोबर

साईदादा,

या वेळी मी काय लिहिणार आहे ते वाचून तू मला शिव्या देशील. दे. पण शेवटपर्यंत वाच.

लग्न मे महिन्यातून ओढून ३० नोव्हेंबरला आणलं.

दिवाळीत आबा मोठ्या आईला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेले होते. पोटातलं पाणी काढलं. परत येताना पप्पा रस्त्यात उभे होते. आबांशी बोलले नाहीत, गाडीच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. भाऊबीजेला जेवताना म्हणाले, मे लांब पडतो, सोयऱ्यांशी बोललोय, नोव्हेंबरअखेर उरकून टाकू. मम्मी ताटात बघत राहिली. मला राहवलं नाही. म्हटलं, पप्पा, तिकडचं सुतक तर तुटलंय ना आपलं? मग घाई कशाची?

ते ताटावरून उठले. भाऊबीजेचं ताट, बासुंदी तशीच. मागून मम्मीने मला सुनावलं की तुझी जीभ एक दिवस तुलाच खाईल. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. तुझे पप्पा काहीही म्हणू देत, सोयरे ते मानणार नाहीत. सख्खी चुलती गेली म्हणजे त्यांच्या दृष्टीने घराला सुतक. वर्षभर कार्य होणार नाही. हळद लागायच्या आधी काही झालं तर सगळं जागच्या जागी थांबतं. एकदा हळद लागली, देवक बसलं, की मग कोणाचं काही चालत नाही, लग्न उरकावंच लागतं. म्हणून ही पळापळ.

मी रात्री अंथरुणात पडले आणि माझ्या डोक्यात हिशोब आला. मी तो आणला नाही, तो आपोआप आला. मोठी आई नोव्हेंबरच्या आत गेली तर माझं लग्न थांबेल. वर्षभर. वर्षात टी.वाय.ला पोचेन, वीस वर्षांची होईन, कुठे नोकरी धरेन, पप्पांपुढे उभी राहून नाही म्हणेन.

वाचलंस? जिने मला वाढवलं तिच्या मरणात मला माझी सुटका दिसली. मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले तर ती म्हणाली, आज तुझं तोंड असं का उतरलंय? मी तिच्या पायाशी बसून पाय चेपत राहिले. मला वाटत होतं, हिला कळेल. हिला माझं सगळं आपोआप कळतं.

तेव्हापासून रोज सकाळी उठले की आधी तुमच्या दाराकडे बघते. दार उघडलेलं दिसलं की बरं वाटतं. आणि त्या बरं वाटण्याच्या खाली आणखी काहीतरी असतं, त्याला मी नाव देणार नाही.

हे मी मम्मीला सांगू शकत नाही, मैत्रिणीला सांगू शकत नाही. तुला सांगितलं, कारण तू उत्तर देत नाहीस. विहिरीत ओरडल्यासारखं.

तू आलास आणि पप्पांसमोर उभा राहिलास तर कदाचित हे दुसऱ्या मार्गाने थांबेल. तू हात जोडलेस, चुकलो म्हणालास, आबा आणि पप्पा एकत्र बसले, तर माझ्या बाजूने बोलायला आबा असतील. आबांचा शब्द पप्पा लहानपणापासून ऐकत आलेत. मला कोणाच्या मरणाने सुटायचं नाही. तू ये.

दिपू

मखमलाबाद
२० नोव्हेंबर

साईदादा,

पत्रिका छापून आल्या. शेखरच्या नावाखाली बी.ए., माझ्या नावाखाली एस.वाय.बी.एस्सी. सगळ्या गावाला वाटल्या. समोरच्या दारात एकही नाही.

घरापुढे मांडवाचे खांब आणून टाकलेत. लग्न लॉन्सवर नाही, दारात. पप्पांचा हट्ट. आख्ख्या गावाला दिसलं पाहिजे की रंगनाथने पोरीचं लग्न भावाशिवाय लावून दाखवलं.

मला आता बाहेर सोडत नाहीत. आज मम्मीने सोडलं. म्हणाली, जा, हळद लागली की तुला तिकडे जाता येणार नाही, अर्धा तास काय ते बघून ये, मी इथे उभी आहे. मम्मीने स्वतःहून मला बांध ओलांडू दिला, यावरून समज.

मोठी आई आता बसत नाही. डोळे पिवळे झालेत. मला बघितल्यावर हसली आणि हात लांबवून माझ्या बांगड्या चाचपल्या, चुडा भरला का ते बघायला. म्हटलं, अजून नाही. मग तिने विचारलं. सावकाश, एकेक शब्द घेत. "पोरगा आवडला ना तुला? खरं सांग. तुझ्या मनात असेल तरच हो म्हण."

दादा, सगळ्या जगात मला हे विचारणारी ती एकटी. पप्पांनी विचारलं नाही, मम्मीने विचारलं नाही, शेखरने तर नाहीच. आणि मी तिला काय सांगितलं असेल? मी म्हटलं, हो मोठी आई, लय आवडला. म्हटलं, मला फार सुखात ठेवतील. लाजल्यासारखंही केलं. ती किती खूश झाली म्हणून सांगू. डोळ्यांतून पाणी काढलं. म्हणाली, माझा जीव भांड्यात पडला.

मग काय सांगणार होते? की नाही, मला हे लग्न नको, आणि ते थांबायचा एकच मार्ग आहे तो तुझा? जाणाऱ्या माणसाच्या उरावर हे ठेवायचं? माझ्याकडून झालं नाही. मी खोटं बोलले आणि मला वाटतं मी बरोबर केलं. तू आलास तर तिला खरं सांगू नकोस. तेवढं ऐक माझं.

पण ये. हे शेवटचं पत्र. आता पोस्टात जायला मिळणार नाही, हे मैत्रीण टाकेल.

दिपू

सटाण्याकडून
९ डिसेंबर

साई,

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकतेय, तळेगावच्या नाही. तू आता घरी आहेस. सगळेच घरी आहेत, मी सोडून.

परवा पाचपरतावनाला, लग्नानंतर पहिल्यांदा, मी माहेरी आले तेव्हा तुझ्या दारात आपण बोललो. बोललो म्हणजे तू तुझं बोललास आणि मी उभी राहिले. माझं राहिलं ते लिहिते.

तुला सांगते, हळदीच्या दिवशी मी काय करत होते. सकाळपासून तुमच्या दाराकडे बघत होते. सकाळी दार उघडं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर बघितलं तर बंद. मला राग आला. वाटलं, आबांनी मुद्दाम लावून घेतलं, दोन वर्षांचा दावा आजच काढायचा होता का? मोठ्या आईला निदान खाटेवरून मांडव दिसला असता. संध्याकाळी मला पाटावर बसवलं, बायकांनी गाणी म्हटली, पोरांनी डीजे लावला, आणि पहिली हळद मम्मीने लावली. माझ्या कपाळाला तिचा हात लागला तेव्हा मी समजले, संपलं. आता कोणाचं काही चालत नाही. आणि खोटं वाटेल तुला, पण माझ्या मनात त्या क्षणी हेच आलं की चला, मोठी आई जिवंत आहे. मी हरले, पण ती आहे. मला त्यात बरं वाटलं. दुपारपासून ती आत मरून पडली होती आणि मी इकडे हळद लावून घेत तिच्या जगण्यावर समाधान मानत होते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पप्पांनी फेटा बांधला नाही, डोकं दुखतं म्हणाले. पाठवणीच्या वेळी मी समोरच्या दाराला लांबूनच नमस्कार केला. पप्पांनी माझा खांदा धरून गाडीत बसवलं, घाईघाईने, जवळजवळ ढकललंच. मी म्हटलं, किती ही घाई माझी कटकट जायची.

मग पाचपरतावन. शेखर मला दारात सोडून मार्केटला गेले. मम्मीने ताट वाढलं. भाकरी, आणि बिनफोडणीचं वरण. लग्न झालेली पोर पहिल्यांदा माहेरी आलेली, आणि घरात फोडणी नाही, तळण नाही. आत बघितलं तर पप्पा जमिनीवर घोंगडी टाकून पडलेले, गादी गुंडाळून कोपऱ्यात. घरात सुतक असल्याशिवाय असं होत नाही. मी विचारलं, कोणाचं? मम्मीने पदर तोंडात कोंबला. मी उठले, बांध ओलांडला, आणि तुम्ही दोघं दिसलात, आबा आणि तू, दोघांची डोकी तासलेली.

आबा बोलले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी एवढं बोलले. तिने सांगून ठेवलं होतं म्हणाले. "दिपूने मनाने पसंत केलेलं लग्न हाय. तिला हळद लागेपर्यंत माझ्या नावानं कोणी गळा काढायचा नाय, अन् ती गाडीत बसेपर्यंत दार उघडायचं नाय." म्हणून दार लावून घेतलं. म्हणून बर्फाच्या लाद्या मागच्या वाटेने आणल्या. बर्फवाल्याकडून पप्पांना लग्नाच्या सकाळी कळलं, तेही गप्प बसले. मी गेले तशी गाडीची धूळ खाली बसायच्या आत पप्पा नव्या कपड्यांत बांध ओलांडून गेले आणि आबांच्या बरोबरीने त्यांनी तिरडीला खांदा दिला. दोन भाऊ गळ्यात पडून रडले म्हणे. सुतक पुन्हा जोडलं गेलं. गावाने डोळे पुसले.

किती छान झालं. तू परत आलास, भाऊ भाऊ एक झाले, विहिरीची पाळीसुद्धा आता भांडणाविना लागेल. जे व्हावं म्हणून मी तुला पत्रांवर पत्रं लिहिली ते सगळं झालं, फक्त मी गेल्यावर झालं.

मोठ्या आईवर मी रागवू शकत नाही. मीच तिला सांगितलं, लय आवडला. तिने माझ्या त्या एका शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्या मरणाला कुलूप घातलं. आबांना काय माहीत? मम्मीला काय माहीत? पण तुला माहीत होतं. तू हळदीच्या सकाळी ओढ्याकडून गेणूच्या गाडीवर आलास, ती जाण्याआधी तिच्याजवळ बसलास, तुझ्या खिशात माझी चार पत्रं होती. दुपारपासून संध्याकाळपर्यंत वेळ होता, साई. तिला काही सांगायची गरज नव्हती, ती गेलीच होती. फक्त दार उघडून एक हाक मारायची होती, आई गेली म्हणून. आईसाठी पोराने रडायचं असतं. बस एवढंच. सोयरे गावाच्या वेशीवरून परत गेले असते.

मी तुला विचारलं, पत्रं वाचली होतीस का. तू म्हणालास, सगळी. मी विचारलं, मग?

तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "तू तिच्या मरणाची वाट बघत होतीस. तिच्या मरणातून तुला काही मिळू द्यायचं नव्हतं मला."

मी तिथून परत आले. रात्रीच्या अंधारात डोक्यात आलेली घाण मी एका माणसाला दाखवली आणि त्याने ती न्यायाला वापरली. त्याच पत्रात मी लिहिलं होतं, मला कोणाच्या मरणाने सुटायचं नाही. ती ओळ तू वाचली नाहीस का? की तुला तेवढीच दिसली जेवढी पाहिजे होती? दोन वर्षं तू आईचं तोंड बघायला आला नाहीस. तिला भरवलं मी, तिचे केस विंचरले मी, तिची उशी बदलली मी. आणि तिच्या बाजूने न्याय करायला तू.

जाऊ दे. हे लिहूनही काही फिरत नाही.

काल तिचा दहावा. तुम्ही तिघं रामकुंडावर गेला असाल. मला काल गडावर नेलं, सप्तशृंगीला, नवीन जोडप्याची ओटी भरायला. माणूस हळदीच्या आधी गेलं, म्हणजे मी तेव्हा अजून आपल्याच घरातली होते, म्हणजे मलाही दहा दिवसांचं. सुतकात देवीला जात नाहीत. पण मी कोणाला सांगू? सांगितलं तर कळेल की लग्न सुतकात लागलं, मग पप्पांना विचारतील, मम्मीला विचारतील, आणि माझं इथे जे काही व्हायचं ते होईल. मी पायऱ्या चढले, ओटी भरली. देवीकडे काही मागितलं नाही. सासूबाईंनी विचारलं, काय मागितलंस? म्हटलं, तुमच्या मनातलंच.

शेखर वाईट नाहीत. मला शिकायचं म्हटल्यावर बघू म्हणाले. इथून कॉलेज लांब आहे आणि कांदा लागवडीचे दिवस आहेत. बघू म्हणजे काय ते मला कळतं.

मला रडायचंय, साई. नुसतं तिच्या नावाने बसून मोठ्याने रडायचंय, बाकी काही नको. तुम्ही सगळे रडलात. मला इथे रडता येत नाही. डोळे लाल दिसले तर विचारतील काय झालं, आणि एकदा तोंड उघडलं की सगळंच बाहेर येईल. मोरीत नळ सोडून रडावं तर मोरी ओट्याला लागून आहे. म्हणून मी भाकरी थापते, धुणं धुते, विचारतील तेवढं बोलते.

आज दुपारी धान्य निवडत बसले होते. ओट्यावर सासूबाई शेजारणीशी बोलत होत्या, मला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने, कौतुकाने. बाकीच्यांच्या सुना महिना महिना माहेरच्या नावाने रडत बसतात, आमचं नशीब चांगलं. "सून गुणी शे. एक डाव बी रडनी नही."

दिपमाला